परक्या पानाला स्वतंत्र पत्ता हवा

कोणी पाठवलेले छायाचित्र संकेतस्थळावर दाखवणे आणि कोणी पाठवलेली एचटीएमएल फाइल, म्हणजे वेबपानाची फाइल, दाखवणे ही कामे वरवर सारखी वाटली, तरी मुळात ती फार वेगळी आहेत. छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची नोंद असते आणि ती पडद्यावर उमटवली की ब्राउझरचे काम संपते. एचटीएमएल फाइलमध्ये मात्र मजकुराच्या जोडीला जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या आज्ञाही असू शकतात आणि पान उघडताच ब्राउझर त्या निमूटपणे पाळू लागतो. हलते आलेख, शैक्षणिक प्रात्यक्षिके, संगणकाने तयार केलेले अहवाल अशा फाइली इतरांना दाखवाव्यात ही इच्छा अगदी रास्त आहे. ती सुरक्षितपणे पुरी करायची, तर ब्राउझर कशाच्या आधारे विश्वास ठेवतो हे आधी समजून घेतले पाहिजे.

नेटस्केप कंपनीने १९९५ साली आपल्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट आणली आणि त्याच सुमारास ‘समान उगम’ हा नियमही आला. पत्त्यातील प्रोटोकॉल (एचटीटीपी की एचटीटीपीएस), यजमानाचे म्हणजे सर्व्हरचे नाव आणि पोर्ट (सर्व्हरवरील जोडणीचा) क्रमांक हे तिन्ही जुळले, तर दोन पाने एकाच उगमाची मानली जातात आणि त्यांना एकमेकांतील माहिती वाचता येते. यांतील एकही भाग वेगळा असेल, तर मध्ये भिंत उभी राहते. या नियमात पान कोणी लिहिले याला काहीच स्थान नाही, ते कोणत्या पत्त्यावरून आले एवढेच ब्राउझर पाहतो. म्हणून परक्याची फाइल आपल्या मुख्य पत्त्यावर ठेवली, की तिला आपल्या स्वतःच्या पानाचे सगळे अधिकार आपोआप मिळतात. लॉगिन केलेल्या वाचकाने ती उघडली, तर त्यातील स्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टचा कोड, त्याच्या नावाने संदेश पाठवू शकते किंवा त्याच्या खात्याचा ईमेल बदलू शकते. लॉगिनची कुकी, म्हणजे वाचकाची ओळख पटवणारी ब्राउझरमधील छोटी नोंद, स्क्रिप्टच्या नजरेआड ठेवण्याची सोय आहे, पण तिने हा धोका टळत नाही, कारण स्क्रिप्टने केलेल्या प्रत्येक विनंतीला ब्राउझर ती कुकी स्वतःहून जोडतो. या प्रकाराला २००० सालापासून ‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ म्हणतात.

यावर पहिल्यांदा सुचणारा उपाय म्हणजे फाइलमधील स्क्रिप्टचे टॅग, म्हणजे तिची सुरुवात आणि शेवट दाखवणाऱ्या खुणा, मजकुरासह शोधून काढून टाकणे. परंतु आज्ञा केवळ त्या टॅगमध्येच असतात असे नाही. एखादे चित्र सापडले नाही तर काय करावे हे सांगणाऱ्या गुणधर्मात, दुव्याच्या पत्त्यात किंवा एसव्हीजी प्रकारच्या चित्राच्या पोटातही त्या लपू शकतात. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकार या तरुणाने मायस्पेस या समाजमाध्यमावर हेच दाखवून दिले. तेथील गाळणी ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द काढून टाकत असे, म्हणून त्याने तो शब्द मधोमध तोडून दोन ओळींत लिहिला. गाळणीला तो ओळखता आला नाही, पण काही ब्राउझर तो जोडून वाचत. वीस तासांच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांमध्ये त्याचा कोड पोहोचला.

आजच्या गाळण्या याहून पुष्कळ शहाण्या आहेत. डॉमप्युरिफायसारखी साधने शब्द शोधत बसत नाहीत. ती पानाची रचना ब्राउझरच्या पद्धतीने उलगडतात आणि परवानगी दिलेले टॅग व गुणधर्म तेवढेच शिल्लक ठेवतात. ठळक अक्षरे आणि दुवे असलेला छोटा मजकूर दाखवायचा असेल, तर हाच मार्ग योग्य आहे. संपूर्ण फाइल दाखवण्यासाठी मात्र, माझ्या मते, तो चुकीचा आहे. हलता आलेख गाळून घेतला, तर तो हलायचा थांबतो, म्हणजे ज्यासाठी फाइल पाठवली तेच हरवते. कोड चांगला की वाईट हे ओळखण्याचा अट्टहास सोडून तो जिथे चालला तरी कोणाचे नुकसान होणार नाही, अशी जागा त्याला द्यावी.

ही जागा म्हणजे वेगळे डोमेन, अर्थात संकेतस्थळाचे वेगळे मुख्य नाव. कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबने एप्रिल २०१३ मध्ये वापरकर्त्यांची पाने आपल्या मुख्य डोमेनवरून हलवून ‘गिटहब डॉट आयओ’वर नेली, ती याच विचाराने. मुख्य डोमेनचे उपडोमेन, म्हणजे त्याच नावाआधी शब्द जोडून केलेला पत्ता, पुरत नाही, कारण उपडोमेनवरील पानाला मूळ डोमेनच्या नावाने कुकी लिहिता येते आणि तेवढ्या फटीतूनही लॉगिनमध्ये ढवळाढवळ शक्य असते. नव्या डोमेनवर प्रत्येक वापरकर्त्याला आपापले उपडोमेन द्यावे, म्हणजे एकाच्या फाइलला दुसऱ्याच्या फाइलने साठवलेली माहिती वाचता येणार नाही. ज्यांच्याखालील नावे वेगवेगळ्या मालकांची असतात अशा डोमेनच्या, म्हणजे सार्वजनिक प्रत्ययांच्या, यादीत ते नोंदवले, तर ब्राउझर ही उपडोमेने परस्परांपासून स्वतंत्र संकेतस्थळे मानतात.

फाइल मुख्य पानाच्या आत दाखवायची असल्यास आयफ्रेमला, म्हणजे एका पानात दुसरे पान दाखवणाऱ्या चौकटीला, सँडबॉक्स हे बंधन लावावे. त्यामुळे आतील पानाला कोणाशीही न जुळणारा उगम मिळतो आणि स्क्रिप्ट, फॉर्म, नवीन खिडक्या हे सारे बंद होते. हवी ती सवलत आपण एकेक करून देऊ शकतो. फाइल मुख्य पत्त्यावरूनच येत असेल, तर ‘अलाऊ-स्क्रिप्ट्स’ आणि ‘अलाऊ-सेम-ओरिजिन’ या दोन सवलती एकत्र कधीही देऊ नयेत, कारण मग आतील स्क्रिप्ट बाहेरच्या पानात हात घालून सँडबॉक्सच काढून टाकू शकते. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते: कोणी फाइलचा पत्ता थेट उघडला, तर मध्ये आयफ्रेमच नसते. त्यामुळे सर्व्हरने फाइलसोबतच ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ हे हेडर, म्हणजे ब्राउझरसाठीची सूचना, पाठवून त्यातही सँडबॉक्सची आज्ञा द्यावी. फाइलचा केवळ मूळ कोड दाखवायचा असेल, तर ती साधा मजकूर म्हणून पाठवावी आणि ब्राउझरने प्रकाराचा अंदाज बांधू नये यासाठी ‘नोस्निफ’ हे हेडर जोडावे.

एवढे करूनही एक धोका उरतो. पानाला दुसऱ्याच्या कुकीपर्यंत पोहोचता आले नाही, तरी ते लॉगिनच्या खिडकीची हुबेहूब नक्कल रंगवून माणसाकडून पासवर्ड मागू शकते, आणि उगमाची भिंत डोळ्यांना होणारी फसगत अडवत नाही. म्हणून हे पान आमचे नाही अशी ठळक पट्टी सँडबॉक्सच्या बाहेर दाखवावी, तक्रारीची सोय ठेवावी आणि आलेली तक्रार त्वरित तपासावी. इथेही वेगळ्या डोमेनचा उपयोग होतो: एखाद्या फसव्या पानामुळे ब्राउझरच्या धोकादायक पत्त्यांच्या यादीत नाव गेलेच, तर ते त्या डोमेनचे जाते आणि मुख्य संकेतस्थळ वाचकांसाठी उघडे राहते.