न्यायमूर्तींची निवृत्ती: तारीख घटनेची, राजीनामा स्वतःचा

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे पीठ, कामाला लागले. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरच्या पक्षकारांची मुंबईची फेरी वाचली. पण आपले प्रकरण ज्यांच्यापुढे आहे ते न्यायमूर्ती निवृत्त कधी होणार, ही चौकशी आता इथेही करावी लागेल.

मूळ घटनेत उच्च न्यायालयासाठी निवृत्तीचे वय ६० होते. १९६३ च्या पंधराव्या दुरुस्तीने ते ६२ झाले. सर्वोच्च न्यायालयात ते ६५ आहे. उच्च न्यायालयातही ६५ करण्याचे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत आले, ते मंजूर न होताच २०१४ मध्ये बाद झाले. हा तीन वर्षांचा फरक साधा नाही. साठी ओलांडलेल्या न्यायमूर्तींचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी वेळेत सुचवले गेले नाही, तर कारकीर्द तिथेच संपते. म्हणून खरे राजकारण निवृत्तीपेक्षा नेमणुकीच्या तारखेत आहे. शिफारशीची फाइल सहा महिने अडली, की तेवढी ज्येष्ठता आणि पुढे मुख्य न्यायमूर्तिपदाची संधीही जाते.

निवृत्तीचा दिवस जन्मतारखेवरून ठरतो, सरकारी नोकरासारखी महिनाअखेरची सवलत नाही. माजी सरन्यायाधीश भूषण गवई यांचा जन्म २४ नोव्हेंबर १९६० चा, त्यामुळे त्यांचा पदावरचा शेवटचा दिवस २३ नोव्हेंबर २०२५ होता. कोल्हापूरच्या बेंचचे उद्घाटन त्यांनी केले १७ ऑगस्टला, म्हणजे बरोबर चौदा आठवडे आधी. कायद्याने असे बेंच बसवण्याचा अधिकार मुंबईच्या मुख्य न्यायमूर्तींचा, राज्यपालांच्या संमतीने वापरायचा. तरी चार दशकांची मागणी गवई यांच्या सहा महिन्यांच्या कारकिर्दीत मार्गी लागली, हा निव्वळ योगायोग आम्ही मानत नाही.

जन्मतारखेवरूनही वाद झाले आहेत. कलकत्ता उच्च न्यायालयाचे जे. पी. मित्तर यांचा जन्म १९०१ चा की १९०४ चा, हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वयाचा वाद राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांच्या सल्ल्याने मिटवावा, ही तरतूदही १९६३ च्या दुरुस्तीचीच.

न्यायमूर्तींच्या स्वतःच्या हातात उरतो तो राजीनामा. राष्ट्रपतींच्या नावे सहीचे पत्र लिहिले की पुरे, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. पत्रात पुढची तारीख असेल, तर तोवर ते मागे घेता येते. अलाहाबादचे सतीश चंद्र यांनी १ ऑगस्ट १९७७ पासूनचा राजीनामा १५ जुलैला मागे घेतला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला. बदलीच्या नाराजीतून दिलेले राजीनामे वेगळे: २०१७ मध्ये जयंत पटेल, २०१९ मध्ये विजया ताहिलरामानी. कलकत्त्याचे अभिजित गंगोपाध्याय यांनी मार्च २०२४ मध्ये, निवृत्तीला पाच महिने उरले असताना पद सोडले, लगेच भाजपमध्ये गेले आणि लोकसभेवर निवडून आले. याला कायद्याची आडकाठी नाही. ती असायला हवी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण त्यांच्या आधीच्या निकालांकडेही आता लोक संशयाने पाहतात.

राजीनाम्याने पेन्शन जाते का? मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये राजीनामा दिलेल्या माजी न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांच्या प्रकरणात राजीनामा हीसुद्धा निवृत्तीच धरली आणि पेन्शन सहा टक्के व्याजासह द्यायला सांगितली.

पक्षकाराला सर्वाधिक फटका बसतो तो राखून ठेवलेल्या निकालात. युक्तिवाद पूर्ण झाले, निकाल राखला आणि तो जाहीर होण्याआधीच न्यायमूर्ती निवृत्त झाले, तर दुसऱ्या पीठापुढे सगळे पुन्हा मांडावे लागते. वकिलांची फी, तारखा, वेळ, सारेच दुप्पट. मद्रासमध्ये २०१७ साली एका न्यायमूर्तींनी निवृत्तीआधी एका ओळीचा आदेश दिला आणि सविस्तर निकालपत्र पद सोडल्यावर काही महिन्यांनी निघाले. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ते रद्द करून प्रकरण पुन्हा सुनावणीला पाठवले.

म्हणून निवृत्ती जवळ आली असेल, तर शेवटच्या दोन-तीन महिन्यांत लांबलचक अपिलाचा युक्तिवाद सुरू करण्याआधी वकिलांशी बोलावे. निकाल राखून तीन महिने झाले, तर लवकर निकालासाठी अर्ज करता येतो. सहा महिने उलटले, तर प्रकरण दुसऱ्या पीठाकडे द्यावे अशी विनंती मुख्य न्यायमूर्तींकडे करता येते. अनिल राय खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही मुभा दिली.