लॉगिन केल्यावर चालणारी कमांड दुरून का सापडत नाही?

यंत्रावर लॉगिन करून कमांड दिली की ती मुकाट्याने चालते. तीच कमांड एसएसएचच्या (दुसऱ्या यंत्रावर दुरून काम करू देणारं साधन) ओळीत जोडून दुरून पाठवली की 'कमांड नॉट फाउंड'. ही तक्रार एसएसएचपेक्षा बरीच जुनी आहे.

शेल म्हणजे आपण दिलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. केन थॉम्पसन यांच्या सुरुवातीच्या युनिक्स शेलमध्ये प्रोग्राम कुठे शोधायचे ते शेलच्या आतच ठरलेलं असे. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला आणि 'पाथ' हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलही आलं, म्हणजे प्रोग्राम कोणकोणत्या फोल्डरांत शोधायचे त्याची यादी. लॉगिनच्या वेळी शेल 'डॉट प्रोफाइल' ही फाइल वाचणार, तिथे पाथ ठरणार आणि पुढे सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामकडे तो जाणार. टर्मिनलसमोर बसल्याशिवाय काम होत नव्हतं, तोवर यात काही खोट नव्हती.

१९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये (बर्कलीच्या युनिक्समध्ये) आरएसएच, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर कमांड चालवायचं साधन, आलं आणि गणित बिघडलं. पलीकडचा डिमन (पडद्याआड चालत विनंत्या घेणारा प्रोग्राम) तुमचा शेल सुरू करतो खरा, पण लॉगिन शेल म्हणून नव्हे. त्याच्या हाती एकच कमांड ठेवून. मग डॉट प्रोफाइल वाचलीच जात नाही आणि डिमनने दिलेल्या त्रोटक पाथवर भागवावं लागतं. बर्कलीचा सी-शेल मात्र 'डॉट सीएसएचआरसी' दर वेळी वाचतो. बीएसडीवाले बहुतेक त्याच शेलात वावरत, म्हणून त्यांना ही अडचण फारशी टोचली नसावी, असा माझा तर्क.

खरा त्रास एक्स विंडोने, म्हणजे युनिक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीने दिला. खिडकी इथे आणि प्रोग्राम तिथे, हाच तर त्या प्रणालीचा गाभा. पण एक्सटर्म हा तिचा टर्मिनल प्रोग्राम प्रत्येक युनिक्सवर वेगळ्या घरी राहायचा: एचपी-यूएक्सवर 'यूएसआर-बिन-एक्स११' मध्ये, सनच्या ओपनविंडोजमध्ये 'यूएसआर-ओपनविन-बिन' मध्ये. म्हणून पूर्ण पाथ आणि डिस्प्लेचा (खिडकी ज्या पडद्यावर उघडायची त्याचा) पत्ता हाताने लिहायची सवय लागली. पूर्ण पाथ दिला तरी शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) न सापडल्यामुळे प्रोग्राम पडायचा, कारण लायब्ररींचा पाथसुद्धा त्याच न वाचलेल्या फाइलीत असायचा!

१९९५ मध्ये तातू युलेनेन यांनी एसएसएच लिहिलं ते आरएसएचची जागा घेण्यासाठी. एन्क्रिप्शन आलं, बाकी रीत तीच राहिली. ओपनएसएसएच या एसएसएचच्या मुक्त आवृत्तीचा मूळ पाथही डिमन कंपाइल करतानाच ठरतो. बॅश या शेलने मात्र एक पळवाट ठेवली: आपल्याला आरएसएच किंवा एसएसएचच्या डिमनने उठवलंय असं दिसलं, तर तो 'डॉट बॅशआरसी' वाचतो. पण डेबियन या लिनक्सच्या तयार बॅशआरसीत अगदी वरच 'सत्र इंटरॅक्टिव्ह (माणूस समोर बसून कमांड देतोय असं) नसेल तर परत फिर' अशी अट आहे. लोक पाथची ओळ फाइलीच्या तळाशी लिहितात, तिथवर शेल पोचतच नाही. आज अडकलेल्यांनी आधी हेच तपासावं.

दरम्यान प्रत्येक साधनाने आपापली सोय केली. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सीव्हीएसने 'सीव्हीएस सर्व्हर' हे व्हेरिएबल ठेवलं, फाइली जुळवणाऱ्या आरसिंकने 'आरसिंक-पाथ' हा पर्याय, सीव्हीएससारखंच काम करणाऱ्या गिटने 'अपलोड-पॅक'. तिन्हींचा मतलब एकच: पलीकडचा प्रोग्राम कुठे आहे ते तुम्हीच सांगा. वापरकर्त्याने स्वतःची एन्व्हायरन्मेंट फाइल ठेवायची सोय ओपनएसएसएचमध्ये आहे, पण ती मुळात बंद असते, कारण एलडी-प्रीलोडसारखं (प्रोग्राममध्ये आपली लायब्ररी आधी चढवणारं) व्हेरिएबल घुसवून घातलेली बंधनं ओलांडता येतात. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमधूनच व्हेरिएबल ठरवणारा 'सेटएन्व्ह' हा पर्याय २०१८ मध्ये ७.८ आवृत्तीत आला.