काँक्रीट वाळून घट्ट होत नाही

‘स्लॅब वाळला की पक्का होतो’ हे वाक्य बांधकामावर वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते चुकीचं आहे, आणि त्यापायी घरं कमकुवत राहतात.

सिव्हिल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला हे प्रयोगशाळेतच कळतं. काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे साच्यातून काढले की उन्हात नव्हे, पाण्याच्या टाकीत ठेवतात आणि ७ व २८ दिवसांनी यंत्राखाली दाबून फोडतात. ‘एम २०’ या काँक्रीटच्या प्रतीतला २० हा आकडा याच २८ दिवसांच्या ताकदीचा. सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया, म्हणजे हायड्रेशन, वाळू-खडीला बांधून ठेवते. ओल संपली की ती क्रिया थांबते. पुलाचा पाया पाण्याखालीही घट्ट होतो तो यामुळेच.

म्हणून आयएस ४५६ हे काँक्रीटसाठीचं भारतीय मानक साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीसारख्या (पोर्टलँड पॉझोलाना सिमेंट) मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलं ठेवायला सांगतं. विदर्भातल्या उन्हाळ्यासारख्या कोरड्या उष्ण हवेत त्याहून जास्त. पण मिक्सरमध्येच जादा पाणी ओतू नका, त्याने ताकद घटते. पाणी द्यायचं ते काँक्रीट जमल्यावर: स्लॅबवर आळी करून, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळून.