किनाऱ्यावरचा अनोळखी पक्षी: रंग सगळ्यात शेवटी

नवा पक्षी दिसला की नवखा माणूस आधी रंग लक्षात ठेवतो. कोकण किनाऱ्यावर नेमका तोच फसवतो. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळचं ऊन पाठीमागून, माडांवरून येतं आणि पाण्याकाठचा पक्षी लख्ख उजळतो. संध्याकाळी तोच पक्षी सूर्याच्या आड येतो आणि पांढराशुभ्र बगळाही काळा दिसतो. तेव्हा सकाळी जा. संध्याकाळीच जमत असेल तर रंग सोडा, फक्त आकार बघा.

वेळ ठरवताना भरतीही बघावी. ओहोटीला छोटे पाणपक्षी दूरवरच्या चिखलात पांगतात. पाणी चढू लागलं की तेच पाणी त्यांना आपल्याकडे ढकलत आणतं. दर्यावर्दींचा जुना हिशोब इथे कामाला येतो: तिथीची पाऊणपट. द्वादशीला, शुद्ध असो वा वद्य, १२ ची पाऊणपट ९, म्हणजे नवाच्या सुमारास पूर्ण भरती. हिशोब ढोबळ आहे, पण सातला जाऊन एका जागी गप्प बसायला पुरेसा.

मग आकारमान. चिमणी साधारण १५ सेंमी, बुलबुल २०, साळुंकी २३, कावळा ४३, घार ६१. 'साळुंकीहून मोठा, कावळ्याहून लहान' एवढं ठरलं तरी निम्मी यादी गळते. मोकळ्या पुळणीवर मात्र अंदाज हमखास चुकतो. शेजारी कावळा उतरेपर्यंत थांबावं. किनाऱ्यावर त्याला वेळ लागत नाही.

त्यानंतर चाल. चिखल्या (प्लोव्हर) धावतो, थबकतो, टोचतो, पुन्हा धावतो, कारण तो डोळ्यांनी शिकार हेरतो. म्हणून डोळे मोठे, चोच आखूड. तुतारीच्या (सँडपायपरच्या) कुळातले लांब चोचीचे पक्षी चिखलात चोच खुपसत चालतात. त्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो, भक्ष्य दिसावं लागत नाही. एवढा फरक पाठमोऱ्या, सावलीतल्या पक्ष्यातही दिसतो.

खरी परीक्षा बगळ्यांची. लहान बगळ्याची चोच काळी, सडपातळ, पाय काळे आणि बोटं पिवळी. ही पिवळी बोटं प्रसिद्ध खूण आहे, पण खाडीच्या चिखलात ती माखलेली असतात. बगळा उडेपर्यंत किंवा स्वच्छ पाण्यात जाईपर्यंत तिच्यावर विसंबू नये. खडकांवर भेटणारा समुद्र बगळा आणखी गोंधळात टाकतो. तो एकाच जातीत दोन रंगांत असतो: एक पाटीसारखा करडा, गळ्याशी पांढरा, दुसरा पूर्ण पांढरा. करड्याला वेगळी जात समजू नका. पांढऱ्याची चोच नीट बघा: लहान बगळ्यापेक्षा जाड, किंचित खाली वाकलेली, पिवळसर तपकिरी. पायांवरचा पिवळेपणाही बऱ्याचदा बोटांच्या वर चढलेला असतो.

मोठा आणि मध्यम बगळा ओळखताना चोचीच्या रंगावर जाऊ नये. एरवी पिवळी असणारी त्यांची चोच विणीच्या काळात काळी होते. जबड्याची रेघ, म्हणजे चोचीच्या फटीपासून डोळ्याकडे जाणारी रेघ, बघावी. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागे जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच संपते. गुरांमागे चालणारा, आखूड मानेचा, पिवळ्या चोचीचा तो गायबगळा. पावसाळ्यात त्याचं डोकं आणि मान केशरी होतात.

बंदरावर घिरट्या घालणारी प्रत्येक तपकिरी घार साधी घार नसते. ब्राह्मणी घारीचं पहिल्या वर्षाचं पिल्लू तपकिरीच असतं. त्याची शेपटी गोल, साध्या घारीची टोकाला खाचेची. पण घारीने शेपटी पसरली की खाच नाहीशी होते, म्हणून ती वळून शेपटी मिटेपर्यंत दुर्बीण खाली करायची नाही.

फोनवरच्या अ‍ॅपला विचारण्याआधी चोच, पाय, शेपटी, चाल, वेळ आणि जागा वहीत लिहून काढा. अ‍ॅपने सुचवलेला फोटो एकदा पाहिला की डोळ्यांनी न पाहिलेल्या खुणाही आठवायला लागतात. आणि नाव अर्धवटच ठरलं तर अर्धवटच लिहा. हिवाळ्यात काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा, दोन्ही कुरवांचं (गल पक्ष्यांचं) डोकं पांढरं होऊन कानाशी फक्त गडद ठिपका उरतो. फरक पंखांच्या टोकांत असतो आणि बसलेल्या थव्यात तो नीट दिसत नाही. तिथे 'कुरव, हिवाळी, पंख उघडलेले दिसले नाहीत' ही नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी.