तंबूतला बंब

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामाने एक व्हिडिओ टाकला. बाहेर उणे तीस, कमरेएवढा बर्फ, आणि तंबूत एक दाढीवाला बनियनवर बसून ऑम्लेट परततोय. कोपऱ्यात पत्र्याची चूल, तिचं धुराडं छतातून बाहेर काढलेलं. खाली मामाचा प्रश्न: "तू तिकडेच असतोस ना? हे खरं असतं का?"

खरं असतं. मी कॅनडात, ओंटारिओत राहतो आणि दोन हिवाळे अल्गॉन्क्विनच्या जंगलात अशा तंबूत झोपून आलोय. इकडे याला 'हॉट टेंट' म्हणतात. पण व्हिडिओत पहाटेचे तीन दाखवत नाहीत. पहिल्या वेळी पहाटे तीनला जाग आली ती नाक बधिर झाल्यामुळे. उशाची पाण्याची बाटली हलवली तर आत बर्फ खुळखुळला. चूल बाराच्या सुमारास विझली होती. संध्याकाळी सातला याच जागी मीही बनियनवर होतो.

'चूल आहे म्हणजे रात्रभर ऊब' हा समज जवळजवळ सगळ्यांचा असतो, माझाही होता. थोडा हिशोब करू. चौघांच्या तंबूचं कापड समजा २० चौरस मीटर. आत २० अंश, बाहेर उणे २०, म्हणजे फरक ४० अंशांचा. कापडाच्या एका थरातून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकामागे साधारण साडेपाच वॉट निसटतात. गुणाकार केला की ४४०० वॉट होतात. घरचे दोन गीझर अखंड चालू ठेवल्यासारखं आहे हे. वाळलेल्या लाकडात किलोला सुमारे १५ मेगाज्यूल असतात, पैकी छोट्या पत्र्याच्या चुलीतून तंबूला अर्धे मिळाले तरी नशीब. ४४०० वॉट म्हणजे तासाला सुमारे १६ मेगाज्यूल, म्हणजे तासाला दोन किलो लाकूड, दहा तासांच्या रात्रीला वीस किलो, आणि ते घालायला कुणीतरी जागं.

लाकूड संपलं की काय होतं? तंबूत १२ घनमीटर हवा आहे, वजन जेमतेम १५ किलो. ती एक अंशाने थंड व्हायला १५ किलोज्यूल जायला हवेत, आणि आपण सेकंदाला ४.४ किलोज्यूल घालवतोय. सुरुवातीला दर साडेतीन सेकंदांना एक अंश! चुलीचं तापलेलं लोखंड आणखी काही मिनिटं तग धरतं, निखारे असतील तर अजून थोडं. नंतर आत आणि बाहेर यात वारा सोडला तर फारसा फरक राहत नाही.

आजोळी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत ढलप्या आणि गोवऱ्या, भोवती वीसेक लिटर पाणी. सकाळी सहाला पेटवलेला बंब विझल्यावरही शेवटी आंघोळीला जाणाऱ्याला कढत पाणी मिळायचं. वीस लिटर पाणी एका अंशाने निवायला ८४ किलोज्यूल जावे लागतात, म्हणजे माझ्या अख्ख्या तंबूतल्या हवेच्या साडेपाच पट. तंबूतली चूल म्हणजे पाणी काढून घेतलेला बंब. आग आहे, नळी आहे, उष्णता साठवायला काही नाही.

मग लोक ही अडगळ बर्फावरून घसरगाडीने ओढत का नेतात? कॅनडातल्या आदिवासींनी, लॅब्राडोरच्या इन्नू आणि उत्तरेकडच्या क्री लोकांनी, कापडी तंबू आणि पत्र्याची चूल उगाच आपलीशी केलेली नाही. माझ्या मते याचं उत्तर ऊब हे नाहीच. उत्तर आहे पाणी, आणि मला खरं लिहायचंय ते याबद्दलच.

माणूस गळका असतो. घाम आला नाही तरी श्वासातून आणि त्वचेतून दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जातं. उणे २५ मध्ये बिनचुलीच्या तंबूत तुम्ही पिसांच्या स्लीपिंग बॅगेत शिरलात. अंगाजवळ ३० अंश, बॅगेच्या बाहेरच्या कापडाजवळ उणे २०. अंगातली वाफ पिसांमधून बाहेर निघते. वाटेत कुठेतरी अशी जागा येतेच की तिथली हवा एवढी वाफ धरू शकत नाही. तिथे वाफेचं पाणी होतं, थोडं पुढे हिम, आणि ते पिसांतच अडकतं. सकाळी बॅग झटकून ते निघत नाही, कारण ते कापडाच्या आत आहे. उन्हात टाकावी तर ऊनही उणे पंधराचं. समजा रात्रीला शंभर ग्रॅम अडकले, तर दहा रात्रींत एक किलो बर्फ घेऊन तुम्ही झोपताय. पिसं चिकटली की त्यांच्यात कोंडलेली हवा गेली, आणि ऊब तर त्या हवेचीच होती.

याचं सर्वांत भयंकर उदाहरण १९११ चं. अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात, काळोखात, एडवर्ड विल्सन, हेन्री बोवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड हे ब्रिटिश मोहिमेतले तिघं एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला गेले. पाच आठवडे, तापमान उणे ६० पर्यंत. परतले तेव्हा चेरी-गॅरार्डच्या रेनडिअरच्या कातड्याच्या बॅगेचं वजन दुपटीहून जास्त झालं होतं. वाढलेलं सगळं वजन बर्फाचं, त्याच्याच घामाचं आणि श्वासाचं. संध्याकाळी गोठलेल्या बॅगेत शिरायचं म्हणजे अंगाच्या उबेने ती इंचाइंचाने वितळवत जायचं.

आता चूल पेटवा. उणे २० अंशांची हवा घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम वाफ धरते. तीच २० अंशांची झाली की १७ ग्रॅम धरू शकते. बाहेरची हवा आत येऊन तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता पाच-सहा टक्क्यांवर उतरते. पुण्यातल्या मे महिन्याच्या दुपारीही हवा इतकी कोरडी क्वचितच असते. आणि ही हवा आत आणतं कोण? धुराडं. त्यातला तापलेला धूर हलका, तो वर जातो, त्याची जागा भरायला तंबूतली हवा चुलीत खेचली जाते आणि तंबूत फटींमधून ताजी येते. एक किलो लाकडाला साधारण आठ घनमीटर हवा लागते. दोन किलोला सोळा. म्हणजे तासाभरात तंबूतली सगळी हवा एकदा बदलून वर थोडी. जाताना प्रत्येक घनमीटरने आठ ग्रॅम वाफ जरी नेली, तरी तासाला सव्वाशे ग्रॅमच्या वर पाणी बाहेर! दोरीवर वाळत घातलेले मोजे, हातमोजे, बुटांची अस्तरं, बॅगेचं टोक, सगळं धुराड्यातून आकाशात.

आकडे डोक्यावरून गेले असतील तर एवढं धरा: ही चूल म्हणजे पंप आहे, ऊब हा तिचा जोडधंदा.

गॅसची शेगडी आत लावली तर? तिला धुराडं नाही, आणि तिथेच घोटाळा आहे. एक किलो प्रोपेन जळला की त्यातल्या हायड्रोजनपासून सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. ते सगळं तंबूतच राहतं आणि छतावरून थेंबाथेंबाने तुमच्या कपाळावर येतं. लाकूड जळतानाही किलोमागे अर्धा किलो पाणी होतं, पण ते धुराड्याने जातं. 'सुक्याबरोबर ओलंही जळतं' ही म्हण मात्र इथे चालत नाही. ओलं लाकूड आग इतकी थंड करतं की धूर न जळताच निघून जातो आणि धुराड्यात काजळी आणि डांबर साचतं. लाकूड वाळलेलंच हवं.

मामीने लगेच विचारलं, "अरे, पण शेगडी पेटवून झोपायचं नसतं ना?" अगदी बरोबर. दर हिवाळ्यात उत्तर भारतातून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबाची बातमी येते. लालबुंद कोळशाला धूर नसतो, म्हणून लोकांना तो सुरक्षित वाटतो. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. १९३४ मध्ये अंटार्क्टिकात एकट्याने हिवाळा काढणारा अमेरिकन ॲडमिरल रिचर्ड बर्ड चुलीच्या आणि जनरेटरच्या याच वायूने मरता मरता वाचला. धुराड्याची चूल शेगडीपेक्षा पुष्कळ बरी, पण रात्रभर टिकावी म्हणून हवा कमी करून धुमसत ठेवली, तर तीही शेगडीच्याच जातीची होते. दोनेक हजार रुपयांचा अलार्म सोबत न्यायचाच. आणि 'थंडीत दोन घोट ब्रँडी' विसरायची. ती त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावते. चेहऱ्याला ऊब वाटते ती आतली उष्णता बाहेर पळतेय म्हणून.

फिनलंडच्या सैन्याने जागरणाचा प्रश्न साधेपणाने सोडवलाय. त्यांच्या मोठ्या तंबूत मधोमध चूल असते आणि रात्रभर पाळीपाळीने एकजण तिच्याशेजारी बसतो. त्याला म्हणतात किपिनामिक्को, आपल्याकडे ठिणगीराव म्हणता येईल. आम्ही चौघांनीही दीड-दीड तासाची पाळी लावून पाहिली. तिसऱ्या पाळीचा ठिणगीराव बसल्या बसल्या झोपला, त्यामुळे पुढच्या रात्री आम्ही चूल विझू दिली आणि पहाटे पाचला पुन्हा पेटवली. झोपायला चांगली बॅग, उठल्यावर वाळवायला चूल.

तर मामा, एका रात्रीसाठी हा खटाटोप मुळीच करू नकोस. तंबू आणि चूल मिळून पंचवीस-तीस किलो ओझं, वर लाकूड फोडण्यात दोन तास; एक रात्र तर नुसत्या चांगल्या बॅगेत निघून जाते. चार रात्रींपासून पुढे मात्र मी चुलीशिवाय जाणार नाही. गेल्या खेपेला पाचव्या सकाळी मी माझी बॅग सामानाच्या काट्याला टांगली. निघतानापेक्षा पन्नास ग्रॅम जास्त भरली, आणि त्यातही ऑम्लेटचा एक तुकडा होता.