ब्लाइंड वर थांबत नाही? लॉकमध्ये तेल घालू नका

व्हेनेशियन ब्लाइंड, म्हणजे आडव्या पट्ट्यांचा खिडकीचा पडदा, वर ओढून सोडला की घसरत खाली येतो. त्यावर ठरलेला सल्ला असतो: लॉकमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. नेमकं उलटं होतं.

वरच्या रेलमधल्या कॉर्ड लॉकमध्ये, म्हणजे ओढायची दोरी धरून ठेवणाऱ्या भागात, एक खरबरीत रोलर तिरक्या खाचेत सैल बसवलेला असतो. दोरी सोडली की पट्ट्यांच्या वजनाने ती मागे खेचली जाते, रोलरही तिच्याबरोबर खाचेच्या अरुंद टोकाकडे सरकतो आणि दोरी चिमटीत पकडतो. सगळी पकड घर्षणावर. तेलाने दोरी निसटते, शिवाय धूळ चिकटून रोलर जागीच बसतो. बहुतेक वेळा मूळ दुखणं धुळीचंच असतं.

म्हणून ब्लाइंड पूर्ण खाली सोडा, रेलवरची झालर काढा, व्हॅक्यूमने किंवा कोरड्या ब्रशने लॉक साफ करा. रोलर बोटाने किंवा बारीक पेचकसाने हलवून पाहा. तो स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवा. रोलरचे दाते गुळगुळीत झाले असतील तर लॉक बदलणं हाच उपाय.

दोरीही तपासा. नवी दोरी जुन्याच जाडीची हवी, १.४ मिमीच्या जागी १ मिमीची घातली तर नवं कोरं लॉकही ती धरत नाही. दोरी सरळ खाली ओढून सोडणं हीसुद्धा नेहमीची चूक. ती एका बाजूला तिरकी ओढली की अडकते, दुसऱ्या बाजूला ओढली की सुटते. कुठली बाजू कशासाठी, हे बनावटीवर अवलंबून.

आणि लॉक आहे म्हणून लोंबती दोरी लहान मुलांसाठी सुरक्षित होत नाही. गळफासाचा धोका तसाच राहतो.