डीबी५: बाँडच्या गाडीचा बांधा मिलानचा

जेम्स बाँडची अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ म्हणजे नखशिखांत ब्रिटिश गाडी, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. तिचा देखणा बांधा मिलानच्या कारोत्सेरिया टूरिंग या गाड्यांचे बांधे घडवणाऱ्या कंपनीने आखला, तोही १९५८ च्या डीबी४साठी. १९६३ ची डीबी५ ही त्याचीच सुधारलेली आवृत्ती. पुरावा बॉनेटवरच लिहिलाय: ‘सुपरलेज्जेरा’, म्हणजे इटालियनमध्ये ‘अतिशय हलकी’. बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, ही टूरिंगची पेटंट पद्धत. अ‍ॅस्टनने तिचा रीतसर परवाना घेतला होता. इंजिन पोलंडहून आलेल्या टाडेक मारेक यांचं. पत्र्याला आकार देणारे हात मात्र इंग्लंडमधल्या न्यूपोर्ट पॅग्नेलच्या कारागिरांचे, आणि ते काम अप्रतिमच होतं.